साईडकारवाल्या जुन्या बुलेटचे सेकंड हँड पार्ट: निपाणी, बेळगाव, कोल्हापूर भागात काय घ्यावं, काय घेऊ नये?

वखारगल्ली_निपाणी · १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८१ ची बुलेट ३५० आहे, डाव्या अंगाला साईडकार जोडलेली. तंबाखूच्या हंगामात बाबा हिच्यावरून सौंदलगा, गळतगा असं गावोगाव फिरायचे आणि डब्यात मी आणि बहीण बसलेलो असायचो. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं गाडी वखारीच्या मागच्या पडवीत उभी आहे. मध्ये एकदा जागा पाहिजे म्हणून कुणीतरी साईडकार सोडवून ठेवली. डबा आणि त्याची चासी आहे, खरं जोडायचे क्लॅम्प आणि दांड्या गायब.

आई आता ७३ ची. दोन्ही गुडघे गेलेत. मोटरसायकलवर मागं बसवत नाही, रिक्षाच्या पायरीला पाय उचलत नाही. आमच्या डब्याला बाजूनं दार आहे आणि तो बुटका आहे. दिवाळीत सहज म्हणाली, "ती गाडी नीट केलीस तर मी बसेन." तेव्हापासून मागं लागलोय.

आजवर सापडलेली दुखणी: खालचे दोन्ही क्लॅम्प नाहीत. वरच्या दोन दांड्यांपैकी एक आहे, ती वाकलेली. मागच्या ब्रेकड्रमला असलेल्या चेनच्या चकतीचे दात झिजून शार्कच्या दातासारखे झालेत. पुढच्या फोर्कची एक नळी गंजून खड्डे पडलेत. इंजिन केसला, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला, डावीकडं बोल्टच्या भोकाजवळ चीर आहे, तिथून ऑईल गळतं.

कोल्हापुरात एकाकडं तोडलेल्या बुलेटचं सामान आहे. केस, फोर्क, ड्रम, क्लॅम्प सगळं एकदम घेतलं तर स्वस्तात देतो म्हणतोय. रविवारी बोलावलंय. घेऊ काय?

---

खानापूर_रान · १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळं एकदम घेऊ नका. एवढंच सांगतो, बाकी जाणते सांगतील. साईडकारची बुलेट जपून ठेवलीत याचंच बरं वाटलं.

---

लेथ_उद्यमबाग · १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

निपाणीकर, मी बेळगावच्या उद्यमबागेत २६ वर्षं लेथवर आहे. जुन्या बुलेट आमच्याकडं नेहमी येतात, साईडकारच्या चार-पाच केल्यात. सविस्तर लिहितो, कारण या गाडीत आई बसणार आहे.

आधी क्लॅम्प. बुलेटच्या जुन्या फ्रेमला इंजिनाखालून नळी जात नाही. पुढची एकच नळी खाली येते आणि पुढं इंजिनच फ्रेमचं काम करतं. त्यामुळं साईडकारचा पुढचा खालचा क्लॅम्प जिथं बसतो तिथं फार जोर येतो. डब्यात माणूस बसलं, खड्डा आला, की सगळा हिसका त्या क्लॅम्पच्या दोन बोल्टांवर. दुसऱ्या गाडीवरचा क्लॅम्प कितीही जाड दिसू दे, तो त्या गाडीच्या नळीवर, त्या गाडीच्या रंगाच्या थरावर बसलेला असतो. तुमच्या नळीवर तो एक तर सैल बसणार किंवा तुम्ही तो आवळून आवळून चिरवणार. सैल बसला की घसरतो, मग चाकाची दिशा बदलते. हे चालवताना एकदम कळत नाही. टायर एका बाजूनं खाल्ला गेल्यावर कळतं.

म्हणून क्लॅम्प नवीन करून घ्या. फ्रेमच्या नळीचा तिथला रंग पूर्ण काढा, व्हर्नियरनं तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं मोजा. जुनी नळी कधीकधी अंडाकृती झालेली असते. त्या मापानं ईएन-८ पोलादाच्या गट्ट्यातून दोन फाकांचा क्लॅम्प काढतो. दोन फाकांच्या मध्ये थोडी फट राहिली पाहिजे, म्हणजे आवळल्यावर नळीला धरतो. फाका एकमेकींना टेकल्या तर क्लॅम्प नळीला धरतच नाही, फक्त दिसायला घट्ट.

आता जे जुनं घेता येतं ते. साईडकारची मूळ चासी तुमच्याकडं आहे, ती ठेवाच. खरं आधी खडूची परीक्षा करा. सगळे जोड घासून स्वच्छ करायचे, रॉकेल लावून अर्धा तास सोडायचं, फडक्यानं कोरडं पुसून वर खडूची पूड घासायची. मग लाकडी हातोडीनं हलके ठोके द्यायचे. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. ही परीक्षा भंगारवाल्याच्या दारात उभं राहूनही करता येते. जो करू देत नाही त्याच्याकडचा लोखंडी पार्ट घेऊ नका.

फोर्कची नळी सेकंड हँड अजिबात नको. जुन्या नळ्या बहुतेक अपघाताच्या गाड्यांच्याच असतात. जाड सपाट काच आडवी ठेवून तिच्यावर नळी गडगडवा, वाकलेली असेल तर नळी आणि काच यांच्या मधून उजेड कमी-जास्त होताना दिसतो. इतकी वाकलेली नळी साध्या गाडीलाही नको. साईडकारला तर पुढचं चाक सतत आडवं ओढलं जातं, कारण ही गाडी वळणात झुकत नाही.

केस आणि ड्रमवर संध्याकाळी लिहितो, कामाला जायचंय.

---

चंदगडी_डोंगर · १३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

लेथवाल्या दादांचा मान राखून बोलतो. माझ्या बुलेटला बारा वर्षं जुनाच क्लॅम्प आहे, दुसऱ्या गाडीवरचा. शिनोळीवरून बेळगावला रोज येत होतो, काही झालं नाही. नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळला होता.

---

लेथ_उद्यमबाग · १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

चंदगडी भाऊ, रबराची पट्टी काढून टाका. या आठवड्यातच काढा. रबर दबतं, उन्हानं कडक होतं, झिजतं, आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. शिनोळीच्या सरळ रस्त्यावर निभावलं असेल. भरल्या डब्यानं घाट उतरताना पुढचा ब्रेक मारला तर काय होईल याचा विचार करा. रविवार सोडून कधीही या, मी माप घेतो.

आता केस. निपाणीकर, केसचे दोन्ही भाग जोडीनं मशिनिंग केलेले असतात. एका गाडीचा डावा आणि दुसरीचा उजवा जोडला तर क्रँकच्या बेरिंगच्या जागा एका रेषेत येतीलच असं नाही. तेव्हा अर्धी केस कधीच घ्यायची नाही. आणि तुमच्या चिरेला पूर्ण केस कशाला? आर्गन वेल्डिंगनं ती भरते. अट एकच: ऑईल पूर्ण निघालं पाहिजे. अॅल्युमिनियमच्या अंगात मुरलेलं ऑईल वेल्डिंगला उकळून वर येतं आणि जोड भुसभुशीत होतो. आम्ही केस सोड्यानं धुतो, भट्टीत गरम करतो, पुन्हा धुतो, मग चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतो म्हणजे ती पुढं सरकत नाही, आणि गरम असतानाच आर्गन मारतो. नंतर जोडाचा सपाट भाग काचेवर घासून बघायचा.

ड्रम मात्र जुना मिळाला तर जुनाच घ्या. बुलेटच्या मागच्या ड्रममध्येच ३८ दातांची चकती ओतलेली असते. तेव्हाचं ओतकाम चांगलं आहे. दात मधोमध समान झिजलेत का बघा. हुकासारखे वळले असतील तर सोडून द्या. ड्रमच्या आत ब्रेकलायनर घासून खाच पडली असेल तर लेथवर साफ करता येते, खरं फार पातळ करायचा नाही.

---

फौजी_कॅम्प · १४ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

सैन्यात डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून निरोप पोचवणारा, होतो. निवृत्तीनंतर बेळगाव कॅम्पात राहतो. लेथवाल्यांचं म्हणणं सोळा आणे बरोबर.

पार्टबद्दल एक गोष्ट. लष्कराच्या लिलावातल्या बुलेटचं सामान बाजारात फिरतं. काळ्या रंगाखाली खरवडलं की हिरवा रंग दिसतो. लोक म्हणतात मिलिटरीचं आहे म्हणजे दणकट. धातू चांगला असतो यात शंका नाही. पण त्या गाड्या शेतात, नाल्यात, डोंगरात पळवलेल्या असतात. हिरवा रंग बघून भुलू नका, माप बघा. आणि लिलावाचा कागद मागा.

दुसरी गोष्ट, जुन्या बुलेटचे आटे ब्रिटिश मापाचे आहेत. मेट्रिक बोल्ट दोन-तीन आटे आत जातो, मग बसल्यासारखा वाटतो आणि मग आटे खातो. साईडकारच्या आयबोल्टला (कडीच्या डोक्याच्या बोल्टला) हे चालणार नाही. प्रत्येक बोल्टाचे आटे गेजनं तपासा.

तिसरी गोष्ट गिअरिंगची. साईडकार आणि माणूस मिळून गाडीवर मोठं ओझं. मागची चकती ड्रममध्ये असल्यामुळं बदलता येत नाही, म्हणून गिअरबॉक्सची पुढची चकती एक दात लहान घालतात. वेग कमी होतो, चढाला जोर मिळतो. तवंदी घाट चढायचा असेल तर हे करा. क्लच त्यामुळं वाचतो.

---

वखारगल्ली_निपाणी · १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आज कोल्हापूरला जाऊन आलो. सगळं घेतलं नाही, तेवढं तुमच्यामुळं वाचलं. ड्रम मात्र घेतला आणि तिथं फसलो. दात छान दिसत होते, वरून नवा काळा रंग मारलेला. घरी आणून रॉकेलनं धुतला तर पाच दातांच्या बुडाशी वेल्डिंगची लाट दिसली. झिजलेले दात भरून, ग्राइंडरनं घासून आकार दिलाय. फोन केला तर म्हणाला, "एकदा नेला की परत नाही." पैसे गेले. आई काही बोलली नाही, पण मला फार लागलं.

तिथंच एक पूर्ण इंजिन केसही दाखवली. नंबरावर पंच मारून तो खराब केलेला होता. तीच केस घ्या म्हणून फार आग्रह केला.

---

संकेश्वर_मिरची · १७ नोव्हेंबर, दुपारी १:१०

दादा, ती केस घेतली नाहीत हे फार चांगलं केलंत. मी आरटीओची कामं करते, म्हणून लिहिते. नंबर खोडलेली केस घरात असणं हेच संकट आहे. चोरीच्या गाडीची असेल तर पोलीस आधी तुम्हाला विचारणार, विकणाऱ्याला नाही.

इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. १४ दिवसांची मुदत असते. इंजिनाचं बिल, मूळ गाडीचा कागद, कोणाकडून घेतलं ते, सगळं दाखवावं लागतं. गाडी चिकोडीच्या आरटीओतली (केए-२३) आणि इंजिन कोल्हापूरच्या आरटीओतल्या (एमएच-०९) गाडीचं, तर कागद दुप्पट. लेथवाल्या काकांनी सांगितलं तसं स्वतःचीच केस आर्गन मारून वापरा. तुमचा नंबर तुमचाच राहतो.

साईडकारबद्दल लोकांना वाटतं तीन चाकं झाली म्हणजे गाडी रिक्षाच्या वर्गात गेली. तसं नाही. कायद्याच्या कलम २ मध्ये मोटरसायकलची व्याख्या आहे, तिच्यात सोडवता येणारी, जादा एक चाक असलेली साईडकार धरलेली आहे. म्हणून गाडी मोटरसायकलच. पण आरसी पुस्तकात साईडकारची नोंद आहे का ते बघा. बाबांच्या काळी बसवली असेल तर असायला पाहिजे. विमा काढतानाही सांगा, नाहीतर काही झालं तर कंपनी साईडकारचं नाव काढणार.

आणखी एक. १९८१ ची गाडी म्हणजे १५ वर्षांची मुदत केव्हाच संपली. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं. शेवटचं कधी केलंय? तपासणीला नेताना चासी नंबरावर रंगाचा थर ठेवू नका, पेन्सिलचा ठसा घेतात. आरसी आधी आईच्या किंवा तुमच्या नावावर व्हायला पाहिजे. फॉर्म कन्नडमध्ये हातात पडला तर घाबरू नका, इंग्रजीतही मिळतो. मला निरोप पाठवा, मी भरून देते. पैसे नकोत.

---

वखारगल्ली_निपाणी · १७ नोव्हेंबर, रात्री ९:००

ताई, आरसी काढून बघितली. "विथ साईडकार" असं स्पष्ट लिहिलंय. नूतनीकरण बाबांनी केलेलं शेवटचं, ते संपलेलं आहे. तुम्हाला निरोप पाठवला. फार आभार.

---

गुजरी_बेंगळुरू · १८ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

मी मूळचा अनगोळचा, नोकरीला बेंगळुरूत. इथं शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, जुने पार्ट मिळतात. चेन्नईचं पुदुपेट आणि दिल्लीचं करोल बाग हेही बुलेटवाल्यांना माहीत आहे. नव्या कॉपीपेक्षा जुना ओरिजिनल बरा असं मी म्हणेन, विशेषतः गिअर, शाफ्ट, टायमिंगची चाकं, अशा कडक केलेल्या पोलादाच्या वस्तू. कॉपीचा गिअर वरून चकाचक असतो, आत मऊ. बारीक कानसीच्या टोकानं दाताच्या कडेला घासून बघा. ओरिजिनलवर कानस घसरते, कॉपीला चावते.

ड्रम तुमच्यासाठी बघू का? दातांचे चारही बाजूंनी फोटो पाठवतो, रंग नसलेला.

---

वखारगल्ली_निपाणी · १८ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

बघा हो, नक्की. क्रँकचंही विचारायचं होतं. कनेक्टिंग रॉड हलवून बघितला, आडवा थोडा सरकतो.

---

लेथ_उद्यमबाग · १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ८:००

आडवा सरकतो ते ठीक. तेवढी जागा असतेच. पिस्टन एकदम वरच्या टोकाला आणून रॉड वर-खाली ओढा. खटखट लागली तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं टोक, गेला. जुन्या ३५० मध्ये तिथं फिरती बुश असते, ऑईल कमी पडलं की तीच आधी जाते. सेकंड हँड क्रँक घेऊ नका. तुमचाच सोडवून नवी पिन, नवी बुश घालून प्रेसवर परत जोडू आणि दोन टोकांवर फिरवून डायल गेजनं बघू. सिलिंडरचा बोअर ७० मिमीचा मूळचा आहे का, आधी कोणी ओव्हरसाईज केलाय, हे मोजल्यावर कळेल. तोपर्यंत पिस्टन घेऊ नका.

रबर, ऑईल सील, बेरिंग, चाकाच्या तारा (स्पोक), ब्रेकलायनर, टायर, केबल हे जुनं घेऊच नये. या यादीवर वाद नको.

---

फौजी_कॅम्प · १९ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

तारांवर एक ओळ. साध्या मोटरसायकलच्या चाकावर जोर बहुतेक उभा येतो. साईडकारच्या तिन्ही चाकांवर आडवा येतो. म्हणून जाड तारा. आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा.

---

*(मधला महिनाभर फक्त फोटो आणि मापं आली, ती इथं परत देत नाही. गुजरी_बेंगळुरू यांनी पाठवलेला ड्रम चांगला निघाला. वखारगल्ली)*

---

वखारगल्ली_निपाणी · २६ डिसेंबर, रात्री ११:२०

मंडळी, गाडी उभी राहिली. इंजिन सुरू आहे. केस आर्गननं भरली, दोन आठवडे झाले, थेंब नाही. क्लॅम्प दोन्ही उद्यमबागेत नवे केले. साईडकारच्या चासीला खडूच्या परीक्षेत एक चीर सापडली, मागच्या कानाजवळ, बोटभर लांब. डोळ्यांना ती दिसत नव्हती. कापून नवा कान लावला.

आता जोडणी. बाबा दोरीनं करायचे असं आठवतं, पण पद्धत कुणाला ठाऊक नाही. फौजी काका, सांगाल?

---

फौजी_कॅम्प · २७ डिसेंबर, सकाळी ६:३०

सपाट फरशी शोधा. देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा चालेल, अंगण नको. तिन्ही टायरात हवा बरोबर. हँडल अगदी सरळ धरून बांधा.

दोन लांब सरळ पट्ट्या घ्या, अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या उत्तम. एक मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना टेकवून, दुसरी साईडकारच्या चाकाला. पुढच्या चाकापुढं आणि मागच्या चाकामागं दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण अर्धा ते पाऊण इंच कमी पाहिजे. म्हणजे साईडकारचं चाक किंचित गाडीकडं तोंड करून.

मग झुकाव. गाडी डब्यापासून लांब, म्हणजे उजवीकडं, किंचित झुकलेली पाहिजे, अंदाजे एक अंश. आपले रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते, त्यामुळं डाव्या बाजूनं चालताना गाडी तशीच डावीकडं ओढते. तो ओढा हा झुकाव खातो. चालवून बघा. तरीही डावीकडं ओढत असेल तर वरच्या दांड्या फिरवून झुकाव थोडा वाढवा. एका वेळी अर्धा फेरा, जास्त नाही. हे आई जेवढ्या वजनाची आहे तेवढं वजन डब्यात ठेवून करायचं, रिकाम्या डब्यानं नाही.

साईडकारचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत नसतं, थोडं पुढं असतं. ते चुकलं म्हणून मागं सरकवू नका.

चालवताना: थ्रॉटल दिला की गाडी डावीकडं ओढेल, ब्रेक मारला की उजवीकडं. डावीकडं वळताना साईडकारचं चाक उचलतं, म्हणून पहिले आठ दिवस डब्यात २५ किलोचं तांदळाचं पोतं ठेवून रिकाम्या मैदानात डावी वळणं घ्या. हात बसला की मगच आई.

---

वखारगल्ली_निपाणी · ११ जानेवारी, रात्री ८:१५

आठ दिवस पोतं घेऊन फिरलो. पहिल्या दिवशी डाव्या वळणात चाक उचललं तेव्हा काळजात धस्स झालं. चौथ्या दिवसानंतर कळायला लागलं की वळणाच्या आधी वेग कमी करायचा, आणि वळणात थ्रॉटल बंद करायचा नाही.

आज आईला बसवलं. बहीण गडहिंग्लजहून आली होती, तिनं दार उघडून धरलं. आईनं डब्यात बसून आधी उजव्या बाजूचा दांडा हातानं चाचपला. म्हणाली, "हा तुझ्या बाबांनी गुंडाळलेला पट्टा." मी रंग देताना तो काढणार होतो, बरं झालं विसरलो. तवंदी घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलो, वर चढलो नाही. परत येताना तिनं दोनदा थांबायला सांगितलं. एकदा ओळखीच्या घरी, एकदा नुसतंच.

आरसीचं काम संकेश्वरच्या ताईंमुळं झालं. नूतनीकरणाची तपासणीही झाली.

एक पार्ट अजून हवा आहे. डब्याच्या पुढच्या काचेभोवतीचं रबर बीडिंग. जुनं चिरलंय, वारा आत येतो, आईला थंडी वाजते.

---

चंदगडी_डोंगर · ११ जानेवारी, रात्री ८:४०

लेथवाल्या दादांकडं जाऊन आलो. रबर काढलं तर आतून क्लॅम्प अर्ध्यापर्यंत चिरलेला. नवा घातला.

---

लेथ_उद्यमबाग · १२ जानेवारी, सकाळी ७:१०

निपाणीकर, बीडिंग जुनं शोधू नका. काचेची जाडी आणि पत्र्याची जाडी व्हर्नियरनं मोजून पाठवा. इथं ट्रकच्या काचांचं काम करणाऱ्याकडं तसंच नवं मीटरवर मिळतं. मी आणून ठेवतो, शनिवारी या.

---

वखारगल्ली_निपाणी · १२ जानेवारी, सकाळी ७:३०

काच ५ मिमी, पत्रा दीड. शनिवारी येतो. आईही येणार म्हणतेय.